सिमटॉवर खेळायचाय? आधी लिफ्ट आखा, मजले मागून चढवा

सोलापुरात यंत्रमागावर चादर किंवा टॉवेल विणताना आधी ताणा लावतात. उभे धागे नीट ताणले गेले नाहीत तर आडवा बाणा कितीही चांगला असला तरी कापड बिघडतं. सिमटॉवर या इमारत बांधायच्या कॉम्प्युटर गेमचंही अगदी तसंच आहे. लिफ्टचे शाफ्ट, म्हणजे लिफ्ट वरखाली जायच्या उभ्या जागा, हा ताणा आणि मजले म्हणजे बाणा. बहुतेक नवे खेळाडू आधी ऑफिसं, फ्लॅट, हॉटेलच्या खोल्या भरत सुटतात आणि लिफ्टचा विचार गर्दी चिडून लाल झाल्यावर करतात. तोवर शाफ्टला जागाच उरलेली नसते.

जपानी डिझायनर युत सायतो यांनी केलेला हा गेम 1994 साली मॅक्सिसने अमेरिकेत आणला. जपानमध्ये त्याचं नाव 'द टॉवर' होतं. एकच इमारत, बाजूने कापल्यासारखी समोर दिसते. तिच्यात माणसं येतात, जातात, लिफ्टसमोर थांबतात आणि चिडतात. खेळाचा सगळा जीव त्या थांबण्यात आहे. हे पान त्या थांबण्याबद्दलच आहे, बाकीचं जाता जाता.

आजच्या कॉम्प्युटरवर कसा चालवायचा

सिमटॉवर विंडोज 3.1 च्या काळातला 16-बिट प्रोग्रॅम आहे. आजच्या 64-बिट विंडोजवर तो थेट उघडत नाही, फाईलवर क्लिक केलं की एरर येते. गेमची सीडी खराब आहे असं समजून ती फेकू नका. सोपा मार्ग म्हणजे डॉसबॉक्स, जुने प्रोग्रॅम आजच्या कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्रॅम. त्याच्यात विंडोज 3.1 बसवा, मग आतमध्ये गेम इन्स्टॉल करा. रंगांची सेटिंग मात्र विसरू नका. गेमला 256 रंग लागतात आणि विंडोज 3.1 सुरुवातीला 16 रंगांवर असतं. डॉसबॉक्स एस-थ्री कंपनीच्या ग्राफिक्स कार्डाची नक्कल करतो, म्हणून त्याच कार्डाचा ड्रायव्हर टाकून 640 बाय 480 आणि 256 रंग निवडा. खेळ रडतखडत चालत असेल तर कंट्रोल आणि एफ-12 दाबून वेग वाढवा, कंट्रोल आणि एफ-11 ने कमी करा.

उन्हाळ्यात दुपारी वीज गेली आणि डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर शेवटच्या सेव्हनंतरचं सगळं जातं. गेम स्वतःहून सेव्ह करत नाही. प्रत्येक तिमाही संपली की सेव्ह करायची सवय लावा, आणि दोन वेगवेगळ्या नावांनी आलटून पालटून करा. चूक बऱ्याचदा दोन तिमाहीनंतर लक्षात येते आणि तेव्हा मागचीच फाईल कामाला येते.

पहिले 20 लाख

सुरुवातीला हातात 20 लाख डॉलर मिळतात. खेळातलं वर्ष आपल्यासारखं नाही. कामाचे दोन दिवस आणि एक सुटीचा, अशा तीन दिवसांची एक तिमाही आणि चार तिमाहींचं वर्ष. म्हणजे बारा दिवसांत वर्ष संपतं. वर्षाच्या शेवटी आकाशातून सांताक्लॉज जाताना दिसला की वर्ष संपलं असं समजा.

हिशेब आधी कागदावर मांडा. रिकाम्या मजल्याचा एक चौकोन 500 डॉलर. ऑफिसची किंमत 40,000, रुंदी 9 चौकोन, म्हणजे मजल्यासकट 44,500. त्याचं ठरावीक भाडं तिमाहीला 10,000. गुंतवलेले पैसे सुटायला वर्षाहून थोडं जास्त लागतं. फ्लॅटची किंमत 80,000, रुंदी 16 चौकोन, मजल्यासकट 88,000 आणि तो 1,50,000 ला विकला जातो. विकल्या विकल्या 62,000 हातात राहतात, पण पुन्हा त्यातून काही येत नाही. शिवाय राहणारे नाराज होऊन निघून गेले तर घेतलेले पैसे परत द्यावे लागतात. हा नियम पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. एकदम पाच-सहा बिऱ्हाडं निघाली तर तिजोरी उणेमध्ये जाते.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी फ्लॅट, त्यातून भांडवल, मग ऑफिसं, त्यातून दर तिमाहीची आवक.

इमारतीचा दर्जा ताऱ्यांवर मोजतात. दुसऱ्या ताऱ्यासाठी 300 लोकसंख्या लागते. ऑफिसात 6 माणसं, फ्लॅटमध्ये 3. म्हणजे 40 ऑफिसं आणि 20 फ्लॅट मिळून 300 पुरे होतात. हे सगळं एकदम बांधायचं नाही. पहिल्या फेरीत 8 फ्लॅट आणि 10 ऑफिसं घ्या. नुसत्या खोल्यांचा खर्च साधारण 10 लाख 40 हजार, मजले आणि लॉबी वेगळी. फ्लॅट विकले गेले की 12 लाख परत येतात, त्यातून पुढची फेरी.

ग्राउंडच्या लॉबीवर पैसे उडवू नका. पहिल्यांदा लॉबी आखताना ती दोन किंवा तीन मजली उंच करता येते, पण पहिल्या डावात ती शोभेपुरतीच ठरते. एक मजली घ्या.

लॉबीच्या वरच्या पहिल्या तीन मजल्यांसाठी लिफ्ट घेऊ नका. साध्या लिफ्टचा शाफ्ट 2,00,000 ला पडतो आणि जिना फक्त 5,000 ला. माणसं एका वेळी चार जिने चढतात, त्यापुढे चढत नाहीत. म्हणजे दुसरा, तिसरा आणि चौथा मजला नुसत्या जिन्यांवर आरामात चालतो. दोन लाख वाचले म्हणजे मजल्यासकट चार ऑफिसं जास्त झाली. पण या मजल्यांवर लिफ्टची जागा आत्ताच रिकामी सोडून ठेवा, चार चौकोन रुंदीचे दोन पट्टे, खालपासून वरपर्यंत एका रेषेत. नंतर तिथे ऑफिस असेल तर बुलडोझर चालवावा लागतो आणि भाडेकरूही गेला.

लिफ्ट: इथे थांबून नीट वाचा

आधी अडणारे नियम सांगतो, कारण आराखडा त्यांच्यावरच उभा राहतो.

संपूर्ण इमारतीत साध्या, एक्सप्रेस आणि सर्व्हिस मिळून 24 शाफ्ट, त्याहून एकही जास्त नाही. एका शाफ्टमध्ये लिफ्टचे जास्तीत जास्त 8 डबे. साधी लिफ्ट एकूण 30 मजल्यांपर्यंत ताणता येते. एक्सप्रेस कितीही उंच जाते, पण ती फक्त लॉबी, स्काय लॉबी आणि तळघराच्या मजल्यांवर थांबते. स्काय लॉबी म्हणजे वरच्या मजल्यावरची लॉबी, ती 15, 30, 45, 60, 75 आणि 90 याच मजल्यांवर बांधता येते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, माणूस एका खेपेत लिफ्ट फक्त एकदाच बदलतो, तीही लॉबीत. दोन लिफ्ट, बस. तिसरी लागणार असेल तर तो त्या ठिकाणी जातच नाही.

या शेवटच्या नियमातून पुढचं सगळं निघतं. समजा 50 व्या मजल्यावर ऑफिस आहे. सकाळी कर्मचारी तळमजल्यावरून एक्सप्रेसने 45 ला येतो, तिथून साध्या लिफ्टने 50 ला. दोन झाल्या, जमलं. दुपारी त्याला जेवायला 20 व्या मजल्यावरच्या फास्ट फूडला जायचंय. 50 वरून 45, 45 वरून 15, 15 वरून 20. तीन लिफ्ट लागतात. तो जाणार नाही. फास्ट फूडवाला गिऱ्हाईक नाही म्हणून तोट्यात, आणि नकाशावर दोन्ही ठिकाणी चूक कुठे झाली ते दिसत नाही. तेच फास्ट फूड तळघरात असेल तर 50 वरून 45, 45 वरून एक्सप्रेसने थेट तळघर. दोन लिफ्ट, जमलं. म्हणून खाण्याची ठिकाणं तळघरात, नाहीतर प्रत्येक 15 मजल्यांच्या टप्प्यात स्वतंत्र ठेवा. मधल्याच कुठल्या तरी टप्प्यात एक मोठी खाऊगल्ली करून ठेवणं ही इथली सगळ्यांत महाग चूक.

आता 24 शाफ्टची वाटणी. इमारतीचे टप्पे पाडा: 1 ते 15, 15 ते 30, 30 ते 45, 45 ते 60, 60 ते 75, 75 ते 90 आणि 90 ते 100. सात टप्पे. प्रत्येक टप्प्याला साधे दोन शाफ्ट, म्हणजे 14. एक्सप्रेसचे 4. हॉटेलच्या हाउसकीपिंगसाठी सर्व्हिसचे 4. झाले 22. उरलेले 2 राखून ठेवा, कुठल्या तरी टप्प्याला ते लागतातच. साध्या लिफ्टला 30 मजल्यांपर्यंत परवानगी आहे म्हणून ती 30 मजले ताणू नका. तीस मजले फिरून येणारा डबा खालच्या माणसाला फार उशिरा मिळतो. पंधराच्या टप्प्यातच ठेवा.

पुढची युक्ती थांब्यांची. गेममधलं भिंगाचं टूल घेऊन लिफ्टवर क्लिक केलं की तिची खिडकी उघडते आणि तिथे मजल्यानुसार थांबा सुरू किंवा बंद करता येतो. पहिल्या टप्प्यातल्या दोन शाफ्टपैकी एकाला 1 ते 8 द्या. दुसऱ्याला 1 आणि मग थेट 9 ते 15. दुसऱ्याचे मधले थांबे बंद. सकाळी वरच्या मजल्यांचा माणूस प्रत्येक मजल्यावर थांबत बसत नाही. सात रस्त्यावरून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीला जाणारी गाडी वाटेत प्रत्येक कोपऱ्यावर थांबली तर कामाला कोण वेळेवर पोचेल? इथेही तेच.

एक बारीक गोष्ट मात्र सांभाळा. फास्ट फूड तिसऱ्या मजल्यावर असेल तर वरच्या शाफ्टलाही तिसऱ्याचा थांबा सुरू ठेवा. नाहीतर 12 व्या मजल्यावरच्या माणसाला खाली लॉबीत उतरून पुन्हा दुसऱ्या लिफ्टने तिसऱ्यावर चढावं लागतं. जेवणाच्या वेळी लॉबीत जी रांग दिसते ती बऱ्याचदा अशाच माणसांची असते, बाहेरून आलेल्यांची नसते.

डब्यांची संख्या एकदम आठ करू नका. साध्या लिफ्टचा जादा डबा 80,000 ला आणि एक्सप्रेसचा 1,50,000 ला पडतो, वर प्रत्येक डब्याची देखभाल दर तिमाहीला कापली जाते. दोन डब्यांनी सुरुवात करा. सकाळी रांगेतली माणसं गुलाबी व्हायला लागली की तिसरा, मग चौथा. डबे वाढवले की प्रत्येकाची उभी राहण्याची जागाही ठरवा. सकाळी माणसं तळमजल्यावरून चढतात, तेव्हा निम्मे डबे तळाशी ठेवा आणि निम्मे टप्प्याच्या मधोमध. सगळेच तळाशी ठेवले तर संध्याकाळी वरची माणसं ताटकळतात. सगळे वर ठेवले तर सकाळ बोंबलते. कामाच्या दिवसांसाठी आणि सुटीच्या दिवसासाठी वेळेनुसार वेगळी मांडणी करता येते, ती खिडकी वापराच. सुटीच्या दिवशी ऑफिसं बंद असतात. तेव्हा ऑफिसवाल्या शाफ्टचे डबे रिकामेच फिरतात आणि दुकानाकडे जाणाऱ्यांना लिफ्ट मिळत नाही.

एका माणसाच्या मागे लागा

गर्दीकडे नुसतं बघत बसलात तर चूक कळत नाही. या गेममध्ये माणसाला नाव देता येतं आणि नावाने शोधताही येतं. 12 व्या मजल्यावरचं एखादं ऑफिस भिंगाने उघडा, आतल्या एका कर्मचाऱ्याला नाव द्या आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत फक्त त्याच्याकडे लक्ष ठेवा.

सकाळी तो लॉबीत येतो तेव्हा काळा दिसतो. काळा म्हणजे शांत. लिफ्टच्या दारात उभा राहतो. पहिला डबा भरलेला जातो. तो गुलाबी होतो. दुसरा डबाही भरलेलाच गेला तर तो लाल. एकदा लाल झालेला माणूस ऑफिसात पोचला तरी त्या दिवसाचा ताण त्या ऑफिसच्या मूल्यांकनात जमा होतो. मूल्यांकनाच्या नकाशात ते ऑफिस आधी निळं होतं, मग पिवळं आणि पुढे लाल होतं. लाल राहिलेलं ऑफिस पुढे रिकामं होतं. तो माणूस सकाळी लाल होतो की दुपारी, की संध्याकाळी, एवढं कळलं तरी उपाय सापडतो. सकाळी लाल होत असेल तर तळाशी डबे कमी पडतायत. दुपारी होत असेल तर खाण्याची जागा चुकलीय. संध्याकाळी होत असेल तर डबे वर थांबलेले नाहीत. नव्या डब्यावर पैसे घालण्याआधी हे एकदा करून पाहाच, पाचपैकी चार वेळा नुसत्या मांडणीने काम भागतं.

लगेच उपाय म्हणून भाडं कमी करता येतं. ऑफिसचं भाडं 10,000 वरून 5,000 केलं की भाडेकरू सैलावतो. पण ही मलमपट्टी झाली, मूळ लिफ्टची तक्रार तशीच राहते आणि आवक मात्र निम्मी होते.

हॉटेल, झुरळं आणि आवाज

दुसरा तारा मिळाला की हॉटेलच्या खोल्या उघडतात. एकेरी खोली 20,000 ची, दुहेरी 50,000 ची. हॉटेल घेण्याचं खरं कारण पैसा नाही, लिफ्ट आहे. सकाळी ऑफिसवाले वर चढतात आणि हॉटेलचे पाहुणे त्याच वेळी खाली उतरतात. भरून वर गेलेला डबा भरूनच खाली येतो. नुसत्या ऑफिसांच्या टप्प्यात तोच डबा रिकामा खाली येत असतो. म्हणून एकाच टप्प्यात खालचे सहा-सात मजले ऑफिसांना आणि वरचे हॉटेलला द्या. एकाच मजल्यावर शेजारी शेजारी मात्र ठेवू नका. ऑफिसं आणि दुकानं आवाज करतात आणि हॉटेलचे पाहुणे आणि फ्लॅटमधली कुटुंबं लगेच कुरकुरतात. फ्लॅट आणि फास्ट फूड एका मजल्यावर ठेवणं म्हणजे घराच्या भिंतीला यंत्रमाग लावण्यासारखं आहे.

खोल्या रोज साफ व्हाव्या लागतात. हाउसकीपिंगची खोली 50,000 ची आणि तिच्यातले कर्मचारी सर्व्हिस लिफ्टने फिरतात, म्हणून 1,00,000 ची सर्व्हिस लिफ्ट वेगळी लागते. ही लिफ्ट घेतली आणि हॉटेलच्या मजल्यावर थांबाच दिला नाही तर कर्मचारी जागेवरून हलत नाहीत. तीन दिवस खोली अस्वच्छ राहिली की झुरळं होतात. झुरळं लागलेली खोली पुन्हा साफ होत नाही, ती पाडावीच लागते, आणि पाडायला उशीर केला तर शेजारच्या खोल्यांनाही लागण होते. म्हणून रोज दुपारी एकदा हॉटेलचा नकाशा उघडून बघा. अस्वच्छ खोल्या उरल्या असतील तर नव्या खोल्या बांधायचं थांबवा, आधी हाउसकीपिंग वाढवा. हॉटेल इमारतभर विखरू नका, लागोपाठच्या मजल्यांवर ठेवा. एवढ्याने सर्व्हिसचे शाफ्ट वाचतात आणि कर्मचाऱ्यांचा वेळही.

तिसरा तारा ते पाचवा

तिसऱ्या ताऱ्याला 1,000 लोकसंख्या आणि सुरक्षा कार्यालय लागतं, किंमत 1,00,000. दर पंधरा मजल्यांच्या टप्प्यात एक ठेवा. आग लागली किंवा बॉम्बची धमकी आली तर जवळचे सुरक्षा रक्षकच धावतात. आगीच्या वेळी 5,00,000 देऊन हेलिकॉप्टर बोलवायचा पर्यायही समोर येतो. खालच्या मजल्यावर एकच कार्यालय असेल तर 40 व्या मजल्यावरची आग ते विझवेपर्यंत अर्धा मजला जातो, मग हेलिकॉप्टरचे पाच लाख स्वस्त वाटायला लागतात.

तिसऱ्या ताऱ्यानंतर पुष्कळ गोष्टी उघडतात: एक्सप्रेस लिफ्ट 4,00,000, रेस्टॉरंट 2,00,000, दुकान 1,00,000, सिनेमागृह 5,00,000, वैद्यकीय केंद्र आणि कचरा पुनर्वापर केंद्र प्रत्येकी 5,00,000, हॉटेलचा सुइट 1,00,000. लगेच सगळं घेऊ नका. आधी एक्सप्रेस, कारण तिच्याशिवाय पंधराच्या वरचं सगळं अडतं. सिनेमागृह लॉबीजवळ किंवा तळघरात ठेवा. तिथे सिनेमा जुना झाला की प्रेक्षक आटतात आणि बदलावा लागतो. नवीन सिनेमाला 3,00,000 आणि जुन्या गाजलेल्याला 1,50,000.

या टप्प्यावर ऑफिसवाले पार्किंग मागायला लागतात. रॅम्प 50,000, गाडीची जागा 3,000. रॅम्प एकाखाली एक लागोपाठ उतरले पाहिजेत आणि गाड्यांच्या जागा रॅम्पला सलग जोडलेल्या पाहिजेत. मध्ये एक दुकान आडवं आलं की पलीकडच्या सगळ्या जागा निकामी. गड्डा यात्रेत होम मैदानाच्या वाटा अडल्या की पुढे काय होतं ते सोलापूरकरांना सांगायला नको.

चौथ्या ताऱ्याला 5,000 लोकसंख्या, वैद्यकीय केंद्र, पुनर्वापर केंद्र आणि व्हीआयपीची पसंती लागते. व्हीआयपी येणार असं गेम आधी सांगतो. तो सुइटमध्ये राहतो, म्हणून त्या दिवशी निदान दोन सुइट रिकामे आणि साफ असले पाहिजेत. सुइट आणि लॉबी यांच्यामध्ये त्याला लिफ्टची रांग लागू नये, एवढीच काळजी घ्या.

पाचव्याला 10,000 लोकसंख्या आणि मेट्रो स्टेशन. मेट्रोची किंमत 10,00,000, ती जमिनीखाली तीन मजले व्यापते आणि तिच्या खाली नंतर काहीच बांधता येत नाही. म्हणून ती शक्य तितकी खोल ठेवा. वर तळघरात दुकानं, पार्किंग, सिनेमा यांच्यासाठी जागा सोडा. घाईत मेट्रो वरच्या तळघरात बसवली की पुढची सगळी जमीन वाया जाते, आणि हे सुधारायला मागच्या सेव्ह फाईलशिवाय दुसरा उपाय नाही.

शंभरावा मजला

शेवटचा टॉवरचा दर्जा मिळवायला 15,000 लोकसंख्या आणि 100 व्या मजल्यावर कॅथेड्रल, म्हणजे मोठं चर्च, लागतं, किंमत 30,00,000. तिथे सुटीच्या दिवशी लग्न होतं. पाहुणे तळमजल्यावरून येतात, आणि दोन लिफ्टचा नियम त्यांनाही चुकत नाही: एक्सप्रेसने 90, तिथून साध्या लिफ्टने 100. कॅथेड्रल बांधण्याआधी 90 ते 100 च्या शाफ्टला शंभराव्या मजल्याचा थांबा सुरू आहे ना, ते खिडकी उघडून तपासा. सुटीच्या दिवसाच्या मांडणीत त्या शाफ्टचे डबे 90 वर उभे ठेवा. मग कामाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फाईल सेव्ह करा आणि सुटीचा दिवस उजाडू द्या.